मी दाखवलेलं ऊन

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. मला डोळ्यांवर बांधलं की माणूस अजून न बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतो. माझ्यासारख्याने आपली कहाणी कारखान्यापासून सुरू करावी, हे मला ठाऊक आहे. कारखान्याकडे मी येईनच. पण आधी एक गुरुवार सांगतो.

दुबईच्या बर दुबई भागात, मीना बाजाराच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर यम्ना राहते. इमारतीत ऊन कुठून यावं, किती यावं आणि कोणत्या वेळी येऊ नये, हे ठरवणं हे तिचं काम. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. तिचे अब्बा, हमदुल्ला, आरामखुर्चीत बसले होते. ते मूळचे रत्नागिरीचे. खाडीपलीकडच्या देराच्या धक्क्यावर एकतीस वर्षं उभं राहून त्यांनी लाकडी गलबतांवर चढणाऱ्या मालाच्या याद्या लिहिल्या होत्या. आता त्यांची मूत्रपिंडं थकली होती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी ते डायलिसिसला जात. एका हाताला सुया टोचून चार तास खुर्चीत पडून राहायचं, आणि यंत्र रक्त धुऊन परत देणार. गुरुवार त्यांच्या सुट्टीचा.

यम्नाने मला त्यांच्या डोळ्यांवर चढवलं. मी त्यांना शारजाला नेलं. तिथे एक नवं डायलिसिस केंद्र होऊ घातलं होतं आणि त्याचा मोठा हॉल माझ्यात आधीच तयार होता. बावीस खुर्च्या एका रांगेत, समोर भिंतभर काच, काचेपलीकडे बाग, मागच्या भिंतीत उंचावर अरुंद खिडक्या.

“सलाम वालेकुम,” अब्बा शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला म्हणाले.

“अब्बा, तो खरा नाही,” यम्ना म्हणाली.

“खरा नसला म्हणून काय झालं, जवाब द्यायला काय जातं त्याचं? आणि काय ग, तुझ्या या हॉस्पिटलात आजारी कोणी दिसतच नाही. सगळे जिमला आल्यासारखे बसलेत.”

यम्नाची नऊ वर्षांची मुलगी दुआ सोफ्यावर लोळत हसायला लागली. “नाना, यू लुक लाइक अ बिग फ्लाय!”

“माशी तर माशी. या माशीला चहा मिळेल का, ते जरा नानीला विचार.”

आतून नानीचा, म्हणजे मरियमबींचा आवाज आला, “माशीने सकाळपासून तीन कप पाणी प्यायलंय. डॉक्टरने मोजून दिलंय. खलास.”

यम्नाने लॅपटॉप पुढे ओढला आणि प्रश्न सुरू केले. उजेड कसा वाटतो, एक ते सात. जागा प्रसन्न वाटते का, एक ते सात. अब्बा प्रत्येक वेळी “सात” म्हणत होते. लेकीने काढलेल्या खोलीला ते दुसरं काय म्हणणार? मग त्यांचं डोकं हळूहळू वर वळलं. डोकं वळलं की मला लगेच कळतं.

ते छताकडे बघत होते. आमच्या इकडे हॉटेल असो की दवाखाना, छतावर एक लहानसा बाण चिकटवलेला असतो. तो किब्ल्याची, म्हणजे आमच्या पश्चिमेला असलेल्या मक्केची दिशा दाखवतो, म्हणजे अनोळखी खोलीतही माणसाला नमाज पढता येते. माझ्यातल्या हॉलच्या छतावरही तो होता. त्याचं टोक समोरच्या काचेकडे होतं.

“यम्ना, इथं आता किती वाजलेत?”

“साडेतीन.”

“म्हणजे असर, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ. मग ऊन माझ्या पाठीमागून कसं येतंय?”

“अब्बा, तुम्ही फक्त आकडा सांगा ना.”

“सांगतो ग. पण ऐक. मी असरची नमाज डायलिसिसच्या खुर्चीतच पढतो, हात सुईला बांधलेला. किब्ल्याकडे तोंड केलं की ऊन थेट डोळ्यांत येतं. एकतीस वर्षं धक्क्यावरही तसंच आलं. इथं बाण समोर आणि ऊन मागे. तुझ्या हॉलात सूर्य उगवतो तरी कुठून?”

“सूर्याचं सगळं कंप्युटर बघतो, अब्बा. बाण चुकीचा लागला असेल. मी फिरवून घेते.”

“बाण कोण चुकवील? त्यात कोणी हयगय करत नाही.”

“प्लीज अब्बा. यातलं तुम्हाला नाही कळायचं.”

 अब्बा म्हणाले, “बरं. सात लिही.” यम्नाने वहीत ‘बाण उलटा करणे’ असं लिहिलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून काढलं. पट्टा त्यांच्या कानात अडकला. त्यांनी कान चोळला आणि दुआला आपला चष्मा शोधायला सांगितलं. चष्मा त्यांच्याच मांडीवर होता. सगळे हसले. गुरुवार संपला.

शुक्रवारी पहाटे फजरच्या नमाजला मरियमबींनी त्यांना हाक मारली. ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं. त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले.

आता माझ्या जन्माकडे येतो. तो फार सांगण्यासारखा नाही. दूरच्या एका कारखान्यात, जिथे सूर्य कधी आत येत नाही, तिथे मला जोडलं गेलं. दोन भिंगं, त्यांच्यामागे दोन छोटे पडदे, आणि डोकं कुठे वळलं ते ओळखणारा एक बारीक अवयव. एका काळ्या खोक्यातून मी दुबई मरीनातल्या एका उंच इमारतीत आलो. तिथल्या कार्यालयात यम्ना नोकरी करत होती, आणि अजूनही करते.

माझी उमेदीची वर्षं तिथे गेली. पूर्वी वास्तुविशारद पुठ्ठ्याची छोटी घरं करून ती उन्हात फिरवून बघत. माझ्यामुळे माणसालाच आत बसवता येऊ लागलं. एकच खोली मी दहा तऱ्हांनी दाखवायचो. कधी खिडकी रुंद, कधी अरुंद. कधी खिडकीवर चौकटींची जाळी, कधी नुसत्या आडव्या पट्ट्या. जाळीतून जमिनीवर पडलेली उन्हाची नक्षी बघून माणसं हरखून जात, आणि तीच खोली पट्ट्यांसकट दाखवली की म्हणत, “जेलसारखं वाटतंय.” उजेड तेवढाच असायचा, मित्रांनो. नुसती नक्षी बदलायची आणि माणसाचं मन बदलायचं. हे मोजता येतं, याचं यम्नाला फार अप्रूप होतं. दोन खोल्यांच्या मध्ये ती मला नुसता राखाडी रंग दाखवायला लावायची, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे निवतील. पाहुणे आले की मला पुढे करत. माझ्याबरोबर फोटो काढत. एका शेख साहेबांनी मला अर्धा तास डोक्यावरून उतरवलंच नाही.

पण माझ्यात एक उणीव आहे आणि ती मी लपवणार नाही. मी सूर्य दाखवतो, पण माझा सूर्य डोळे दिपवत नाही. खऱ्या उन्हापुढे माझा पडदा म्हणजे काजवा. माझ्यात सूर्याकडे टक लावून बघितलं तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून ऊन बोचेल की नाही, हे माझ्यात बसून कळत नाही. ते आकडेमोड करून काढावं लागतं, आणि आकडेमोडीला सूर्य कोणत्या दिशेला आहे ते आधी बरोबर सांगावं लागतं.

मग माझे वाईट दिवस आले. कोणीतरी मला खिडकीच्या कट्ट्यावर उपडा न ठेवता तसाच विसरला. जुलैचं ऊन माझ्या भिंगांतून आत शिरलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिळाएवढा डाग पाडून गेलं. उन्हाचा अभ्यास करणारा मी, आणि मलाच ऊन सोसत नाही! कार्यालयात नवे हेडसेट आले. माझ्यावर ‘जुना’ अशी चिठ्ठी लागली. टाकून देण्यापेक्षा घरी नेते, म्हणून यम्नाने मला उचललं. अशा रीतीने मी आरामखुर्चीजवळच्या टेबलावर आलो आणि अब्बा माझे नेहमीचे पाहुणे झाले.

अब्बा गेल्यावर मरियमबींनी मला त्यांच्या टोपीशेजारी, चष्म्याशेजारी कपाटात ठेवलं. डोळ्यांवर लावायची वस्तू, म्हणजे तीही त्यांचीच, असं त्यांना वाटलं असेल. त्या अंधारात मी दीड महिना होतो. मला एक गोष्ट सारखी छळत होती. मी खोटं बोलत नाही. मला जे दिलं जातं तेच मी दाखवतो. पण मला दिलेलंच खोटं असेल तर? अब्बांचा प्रश्न माझ्या आतच राहिला होता, आणि मला तोंड नाही. तो हॉल मी आणि कार्यालयातल्या नव्या हेडसेटांनी मिळून एक्केचाळीस माणसांना दाखवला होता. सगळ्यांनी त्याला सहा नाहीतर सात गुण दिले होते. त्यांच्या भरवशावर यम्नाने अहवाल लिहिला होता की समोरची काच पूर्ण उघडी ठेवायला हरकत नाही. सकाळी कोवळं ऊन येईल, दुपारनंतर सावली असेल, जाळीबिळीची गरज नाही. ते खोटं निघालं, तर हाताला सुया टोचलेली बावीस माणसं रोज दुपारी तोंडावर ऊन घेत पडून राहणार होती. त्यांना उठून पडदा ओढता आला नसता.

एका संध्याकाळी कपाट उघडलं. अब्बांचे कुडते कोणाकोणाला द्यायचे ते यम्ना वेगळे काढत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. शारजाच्या त्या बांधकामावरच्या इंजिनिअरने, रायगडच्या नोमानने, बोललेला निरोप पाठवला होता. किरकोळ दुरुस्त्यांची यादी तिने त्याला त्याच सकाळी धाडली होती. तिने फोन पलंगावर ठेवून निरोप लावला.

“सलाम यम्ना मॅडम. तुमचा मेल वाचला. बाण उलटा करा म्हणताय. मॅडम, मी आत्ता त्याच हॉलात उभा आहे. इथं आमची पन्नास-साठ माणसं रोज दुपारची जोहर आणि नंतरची असर, दोन्ही नमाज पढतात. पहिल्या दिवशीच कंपास लावून दिशा काढलीय. बाण एकदम करेक्ट आहे. उलटा केला तर सगळे मला धक्क्यावर नेऊन खाडीत ढकलतील. बाकी, काचेची ऑर्डर उद्या सकाळी जातेय. इन्शाल्ला सगळं टाइमवर होईल.”

यम्नाने तो निरोप पुन्हा ऐकला. हातातला कुडता तिने घडी न करताच ठेवला आणि मला बाहेर काढलं.

माझ्यात जीव नव्हता. तिने मला वायर लावली आणि वायर आखूड म्हणून पलंगाच्या कडेला, जमिनीवरच बसली. मग मला डोळ्यांवर घेतलं. हॉल तसाच होता. घड्याळ साडेतीनवर. तिचं डोकं वर गेलं, बाणावर थांबलं, मग मागे वळलं, उन्हाकडे. पुन्हा बाणाकडे. पुन्हा उन्हाकडे. मग तिने मला काढलं आणि लॅपटॉप उघडला.

चूक किती साधी होती, ते सांगतो. कागदावर नकाशा नीट मावावा म्हणून यम्नाने तो कधीतरी अर्धा फेरा फिरवला होता. या धंद्यात सगळेच तसं करतात. नकाशा फिरला तेव्हा भिंती फिरल्या, बावीस खुर्च्या फिरल्या, छतावरचा बाणही फिरला. सूर्य तेवढा जागच्या जागी राहिला. सूर्यालाही तेवढंच फिरवायचं असतं, ते राहून गेलं. पश्चिमेची काच माझ्यात पूर्वेला गेली, आणि माझं ऊन डोळे दिपवत नसल्यामुळे कोणालाच काही बोचलं नाही.

“या अल्ला,” यम्ना हळूच म्हणाली.

तिने तिच्या वरिष्ठांना, विभावरी मॅडमना, फोन लावला. त्या पुण्याच्या. वीस वर्षं दुबईत काढूनही फोन उचलताना “हं, बोल” असंच म्हणतात.

“मॅडम, काचेची ऑर्डर थांबवा.”

“आता? अगं, उद्या सकाळी जातेय ती. काय झालं?”

“हॉलचं नॉर्थ चुकलंय. काच पश्चिमेला आहे. दुपारी सगळं ऊन पेशंटच्या तोंडावर येणार.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “सर्व्हेवाल्यांनी चुकीचा नकाशा पाठवला का?”

यम्ना “हो” म्हणू शकली असती, मित्रांनो. जुन्या नकाशांचा ढीग कोण उपसत बसणार होतं? 

“नाही,” ती म्हणाली. “त्यांचा बरोबर होता. मी फिरवला आणि सूर्य फिरवायला विसरले. एक्केचाळीस जणांनी चुकीच्या उन्हात बसून मार्क दिलेत. माझा रिपोर्ट चुकीचा आहे.”

“अरे देवा,” विभावरी मॅडम म्हणाल्या. मग, “बरं झालं बाई, आज कळलं. काच बसल्यावर कळलं असतं, तर काय तोंड दाखवलं असतं आपण त्या लोकांना? मी लगेच थांबवते. सकाळी ये, पहिल्यापासून करू. ओरडायचं ते मी सोमवारी ओरडेन.” आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “कोणाच्या लक्षात आलं ग हे?”

यम्नाने तो घडी न केलेला कुडता ओढून मांडीवर घेतला. “अब्बांच्या,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तशीच जमिनीवर बसून राहिली आणि रडली. मरियमबी दारात आल्या.  यम्ना म्हणाली, “अम्मी, वाचलो. ऑर्डर गेली नाही.” मरियमबींना ऑर्डर कसली ते कळलं नसावं. पण त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्या मांडीवरचा कुडता नीट घडी करू लागल्या. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मी दाखवलेलं खोटं ऊन विटांमध्ये आणि काचेत बांधलं जाणार नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी पुन्हा कामाला लागलो. माझ्या डागाची कोणाला आठवणही झाली नाही. हॉलमध्ये सूर्य त्याच्या जागी आला. काचेबाहेर जाळ्या उभ्या राहिल्या. दाट, विरळ, तिरप्या, गोल भोकांच्या. या वेळी यम्नाने कार्यालयातली धडधाकट माणसं बोलावली नाहीत. अब्बांच्या जुन्या केंद्रातले पाच-सहा रुग्ण बोलावले. हलिमा नावाच्या एका आजी मला चढवताच म्हणाल्या, “पोरी, ही जाळी छान, पण तिच्यातून बाग कुठं दिसतेय? चार तास मी काय भोकं मोजू?” यम्नाने लॅपटॉप मिटला. “सांगा आजी, काय काय दिसायला हवं?” आणि आजी सांगत गेल्या. आकडा शेवटी विचारला गेला. शेवटी जी जाळी ठरली ती वर दाट आणि खाली, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीला, विरळ होती. खुर्च्याही थोड्या तिरप्या झाल्या.

मित्रांनो, तुमच्या हाती माझा एखादा भाऊ आला, तर त्याची भिंगं कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि त्याला उन्हात उघडा ठेवू नका. एवढं केलंत तर तो पुष्कळ वर्षं टिकेल. पण मी दाखवलेल्या खोलीत बसून कोणी मध्येच काही विचारू लागलं, तर मला बाजूला ठेवा आणि आधी त्याचं ऐकून घ्या. ते आमच्याने होत नाही.

डिसेंबरात जाळीचा पहिला तुकडा तयार झाला. तो बसवून बघायला यम्ना शारजाला गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. हॉल अजून सिमेंटचाच होता. काचेच्या जागी मोठं भगदाड. नोमानने कुठून तरी एक प्लास्टिकची खुर्ची आणली. “बसा मॅडम, पेशंट नंबर वन.”

ती बसली. हिवाळ्याचं तिरपं ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं आणि तिचे डोळे आपोआप मिटले. हे मी तिला कधी दाखवू शकलो नसतो. चार कामगारांनी जाळी उचलून भगदाडासमोर धरली. ऊन तुटलं, जमिनीवर विखुरलं, तिच्या गुडघ्यांवर आलं. तिने डोळे उघडले. समोर बागेसाठी आणून ठेवलेली रोपं दिसत होती.

“कसं वाटतंय?” नोमानने विचारलं.

“बरं वाटतंय,” यम्ना म्हणाली, आणि हसली. पुष्कळ दिवसांनी मी ते हसू ऐकलं.

जाळी बांबूंना बांधून कामगार हात-पाय धुवायला गेले. नोमानही त्यांच्यामागे गेला. हॉलमध्ये ती आणि तिच्या मांडीवर मी, एवढेच उरलो.  मग ती समोर बघत, मोठ्याने, घरात कोणाशी बोलावं तसं बोलली.

“अब्बा, यातलं तुम्हाला नाही कळायचं, असं मी म्हटलं. ते खरं नव्हतं. तुम्ही ऊन कुठून येतंय असं विचारलंत, तेव्हाच मला शंका आली होती. लॅपटॉप समोर होता. एक मिनिट लागलं असतं. तुमचं बरोबर निघालं असतं तर मला सगळं परत करावं लागलं असतं, म्हणून मी बघितलं नाही. तुम्हाला कळत होतं, अब्बा. मला माहीत होतं.”